नीट

भुसावळचा हिवाळा म्हणजे
बॅगसुद्धा न उघडणारा पाहुणा.
भरताची वांगी भाजून होईस्तोवर थांबतो
आणि तिळगूळ हातावर पडला की निघतो.
तरी आमच्या रेल्वे क्वार्टरांत लोकर विणली जायची,
आणि जे काही विणून व्हायचं त्याला एकच नाव : सुटर.
अर्ध्या बाह्यांचं सुटर, बाळाचं सुटर,
किटलीवर घालायचं तेही सुटर.

मिसेस डिमेलोंना हे सोसायचं नाही.
गार्डसाहेबांची बायको, ओट्यावर बसून
दोन सुलट दोन उलट घालता घालता सांगायच्या,
"नो नो, कोकिळा.
समोर बटणं, ते कार्डिगन.
डोक्यातून ओढायचं, ते पुलओव्हर."
आईनं मान डोलावली.
तापीच्या पुलावर वारं झोंबतं, त्यासाठी पुलओव्हर,
एवढं तिनं तिच्यापुरतं ठरवून टाकलं,
आणि वडील फायरमन, रोज पुलावरून जाणारे,
त्यामुळे ते खोटंही ठरलं नाही.

जर्सी हा शब्द निघाला तेव्हा फेगडे मावशी
तोंडाला पदर लावून हसल्या.
"जर्शी त आमच्या गोठ्यात हाये वो बाई,
बारा लिटर देते."

स्वेटर मुळात घामावरून आलं
हे मला शाळेत कळलं. पळत घरी येऊन सांगितलं.
मे महिना. वडील इंजिनवरून उतरून आलेले,
पाठीला चिकटलेली बंडी सोलत म्हणाले,
"मग मी बाराही महिने स्वेटरातच आहे."

मग डिमेलो गेले. पर्थला, मुलीकडे.
दीड वर्षानं पत्र आलं, निळं, तीन घड्यांचं.
मी सहावीत. इंग्रजीत हुशार.
आरंभीचा के मुका असतो
हे अख्ख्या लाइनीत मला एकटीला माहीत.
मी खणखणीत वाचलं :
"नीट मी अ जंपर, कोकिळा."

आईला राग आला.
"नीट म्हणे! मी कधी वेडंवाकडं करून दिलं हिला?"
जंपर तिला ठाऊक होता.
तिच्या आईच्या ट्रंकेत चार होते,
पाठीला चुण्या, कोपरापर्यंत बाही.
आता सगळ्या ब्लाउज म्हणतात.
"परदेशात गेली," आई म्हणाली,
"आणि बाई जुनं बोलायला लागली."

ओटीत आलेला हिरवा खण होता, लाल काठाचा.
माप?
निघायच्या दिवशी तीन नंबरच्या फलाटावर
त्या आईच्या गळ्यात पडल्या होत्या,
तेवढ्यावर बेतला.
चार रात्री मशीन चाललं. टाका टाक्यासारखा.
पार्सलाचं तिकीट साडीच्या पैशातून गेलं
हे वडिलांना अजून माहीत नाही.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं.
फार काही लिहिलेलं नव्हतं. एक फोटो.
बागेतली खुर्ची, मागे कसलंसं पांढऱ्या सालीचं झाड,
आणि मिसेस डिमेलो, खणाचा जंपर घालून,
लोकरीच्या कपड्यावरून.

पुलओव्हरला तिकडे जंपर म्हणतात
हे मला फार उशिरा कळलं,
कॉलेजात, जळगावला, दुसऱ्याच कुठल्या शब्दाच्या शेजारी.
रविवारी घरी आले तेव्हा सांगणार होते.
आई फोटो पुसत होती.
म्हणाली, "आत काय घातलंय गं तिनं?
कार्डिगन का पुलओव्हर?"

मी फोटो खिडकीपाशी नेला.
लोकरीच्या बाह्या मनगटापर्यंत दिसत होत्या.
छातीवर हिरवा खण.
बटणं असलीच तर त्याच्या खाली.