पाव आटा

ओडेसाच्या उन्हात पिकअपची दारं उघडी.
नवे स्पीकर, नवा अ‍ॅम्प,
आणि फिडल लागलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं.
मागच्या सीटवर नात, कानांवर हात.

एफ्रेन सीटखाली पालथा:
“गेन केवढा चढवलायस, ऑर्व्हिल!
लाटांचे शेंडेच छाटले जातायत.”
स्क्रूड्रायव्हर पाव आटा मागे.
मग ट्रेबल. तोही शेवटच्या टोकाला होता.

आता कसं?
नातीने हात काढले, पाय हलवू लागली.

ऑर्व्हिल ऐकतोय.
तीस वर्षं तेलाच्या रिगवर,
कानात बोळा न घालता.
फिडल कुठे गेलं, विचारत नाही.
तिच्या पायाकडे बघून
स्टिअरिंगवर ठेका धरतो,
किंचित उशिरा.