हलक्या हाताचं काम

चौदा किलोची वीट होती,
सत्तर-पंचाहत्तर मिश्रधातू, कडेला शिक्का, सोबत जन्माचा दाखला.
निंगाप्पा मुचंडींनी तिच्यावर बोटाचं हाड वाजवलं
कलिंगड घेताना वाजवतात तसं,
म्हणाले, लाव की.

उद्यमबाग, तिसरी पाळी.
भिंतीपलीकडं फाउंड्रीत बीड ओतायलेत,
त्यांची खिडकी लाल, आमची ट्यूबलाइटनं पांढरी.
वीट आतून खिसे खिसे पोखरायची.
बारा हजार फेऱ्यांवर कटर, त्यावर दुधाळ पाण्याची धार,
आणि काचेवर चिरमुरे उडावेत तशा चिप्स.

सोयरीक घेऊन आलेली बाई म्हणाली होती,
पोरगी कारखान्यात? असली हलकी कामं?
आईनं चहा पुढं केला.
मला सांगायचं होतं, हो मावशी, हलकंच,
भिंत पाऊण मिलिमीटर,
तळहाताच्या उबेनंसुद्धा माप बदलतं.

पोलाद भांडतं, निंगाप्पा म्हणायचे,
ॲल्युमिनियम सगळं ऐकून घेतं
आणि पकड सोडली की वाकडं होतं.

पहिल्या आठवड्यात, दिवसपाळीला, ते सारखे म्हणायचे: केळु, केळु.
मी शिनोळीची. रोज हद्द ओलांडून येते,
पाट्यांची लिपी बदलते तिथं एसटीत माझा डोळा लागलेला असतो.
वाटलं, म्हाताऱ्याला केळं पाहिजे.
जेवणाच्या सुट्टीत गाड्यावरून दोन आणून दिली.
त्यांनी खाल्ली. सालं कागदात गुंडाळली.
मग माझं डोकं धरून मशीनच्या दाराला लावलं:
केळु म्हणजे ऐक गं.

आता मला ऐकू येतं.
सगळं नीट असलं की जुनं धोतर फाडल्यासारखा सलग आवाज,
भिंत थरथरली की त्यात एक रडका सूर.
आणि निंगाप्पांना आता ऐकू येत नाही,
ते दाराला तळहात लावून उभे राहतात.

शेवटच्या खिशात, पावणेचारला, तो सूर आला.
मी फीड कमी केला. त्यांनी हात लावला, काढला,
माझ्याकडं बघितलं नाही.

मोजायच्या खोलीत कायम वीस अंश,
अन्नपूर्णा हुक्केरी मे महिन्यातही स्वेटरमध्ये.
भाग थंड होईस्तोवर तिनं मला तिच्या डब्यातली शेंगाचटणी दिली.
मग माणिक टोकाची सुई भिंतीवर टेकत टेकत फिरली.
मूवत्तु, ती म्हणाली.
आकडे मला आता कन्नडमधून लवकर कळतात.
तीस. चालणार होते वीस.
दहा मायक्रॉन, केसाचा सातवा भाग.
रेघेच्या अलीकडं आणि पलीकडं,
ह्यावर आमच्या भागात काय नवीन बोलायचं.

नापास भाग तसाच ठेवायचा नाही, असा नियम आहे,
चुकून कुणी वर पाठवायला नको.
लाल रंग मारायचा, बँडसॉवर चार तुकडे करायचे.
ज्यानं केला त्यानंच.
आठशे नव्वद ग्रॅम. एका हातात मावला,
दुसऱ्या हाताचं काय करावं कळेना.

सकाळी दस्तगीर टेम्पो घेऊन आला.
चिप्सची पिंपं, त्यावर माझे चार तुकडे.
हे वर जाणार होतं काय? त्यानं बोट आभाळाकडं केलं.
गेलं असतं तर पाऊण-एक किलो गेलं असतं, मी म्हटलं,
तेरा किलो तुझ्याकडंच आलं असतं.
तेवढ्यावरच तर मोठी पॉलिटेक्निकला जाते माझी, म्हणून हसला,
आणि लाल रंग लागलाय म्हणून किलोमागं पाच रुपये कापले.

आत निंगाप्पांनी दुसरी वीट वाजवली.
त्यांना ती कशी ऐकू आली, देव जाणे.

एसटीत केसांत हात घातला तर एक चिप निघाली,
वळलेली, नखाएवढी.
खिडकीच्या पट्टीवर ठेवली.
गाडी सुटायच्या आधीच झोप लागली.