साकु

खाटेवर गादी, गादीवर चादर,
चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून
खाली खोचायचा.
सिस्टर एव्हलीन वरून नाणं टाकतात.
नाणं उडालं तर पास.
माझं नाणं पडल्या जागी निजलं.
"निपाणी," त्या म्हणाल्या,
पहिल्या दिवसापासून हेच माझं नाव,
"रात्री म्हैस झोपली होती काय हितं?"

मोसंबीला सुई टोचायची.
मोसंबी काही बोलत नाही.
मग सुवर्णा अंगडी, गोकाकची, माझी खोलीतली जोडीदारीण,
बाही वर करून बसली.
"मार गं. मोसंबी समज."
शहारा तिच्या दंडावर यायचा,
तो आधी माझ्या मनगटात आला.

बँडेजच्या तासाला मात्र
पट्टी आपली आपण फिरत गेली,
प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढलेला,
शेवटी टोक मुडपून गाठ.
सिस्टर थांबल्या. उलटून पालटून बघितलं.
"कुठं शिकलीस?"
मी काही सांगितलं नाही.
आई दिवसाला हजार विड्या वळते,
मी सातवीपासून चारशे.
बोटांना कुणी शिकवलं नव्हतं,
ती सुपाकडं बघत मोठी झाली.

वॉर्डात सगळे आजार कन्नडमध्ये होते.
तळहातावर निळ्या पेनानं लिहून न्यायची:
नोवु, म्हणजे दुखणं.
नीरु, हे सोपं.
उसुरु, श्वास.
मलकोरी, झोपा.
प्रत्येक पेशंटनंतर हात धुवायचे, नियमच तो,
बोटांच्या बेचक्यातून, नखांखालून, मनगटापर्यंत.
चौथ्या खाटेपर्यंत माझी भाषा
बेसिनमधून गेलेली असायची.

सात नंबरला शिवलिंगव्वा.
रामदुर्गच्या पलीकडचं कुठलंसं गाव, पायाला जखम, शुगर.
मी गंजी भरवत होते.
ती म्हणाली, "साकु."
मी म्हटलं, "साखर नाही मिळायची, आजी."
"साकु, साकु!"
"तुम्हाला चालत नाही ती. असंच खा."
आणि चमचा आत.
आणि आणखी एक.
गाल फुगले, डोळ्यांत पाणी,
मग सगळी गंजी माझ्या पांढऱ्या एप्रनवर.
सुवर्णा दाराला धरून हसत होती.
"अगं येडे, साकु म्हणजे पुरे!"

रात्री नळाखाली एप्रन चोळताना
तो शब्द मला एकटीला पाठ झाला.
पुरे झाली हाडं, दोनशे सहा.
पुरे झाली बेडपॅन, नाणी, पांढऱ्या बुटांना खडू.
पहाटे बॅग भरली.
सुवर्णा जागी होती बहुतेक,
कुशीवर वळली, एवढंच.

स्टँडवर गेले तर गाड्या बंद.
कुठल्या चौकात, कुठल्या पाटीवर,
कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली,
त्यावरून काल कुणी काच फोडली होती.
कंट्रोलर आधी मराठीत म्हणाला, नाही,
मग मागच्या माणसाला कन्नडमध्ये, इल्ल.
मी बॅगेवर बसून
एक चहा घेतला. सात वाजता ड्यूटी.

"निपाणी, सात नंबरचं ड्रेसिंग तू."
सिस्टरनी माझ्या हातातली बॅग बघितली,
स्टूलखाली ठेवायला जागा दाखवली.
विचारलं काही नाही.

जखम धुतली. औषध. गॉज.
मग पट्टी, टाचेवरून घोट्याकडं, आठाच्या आकड्यात.
शिवलिंगव्वा गप्प बघत होती.
कालचा राग होता तोंडावर, की झोप, कळेना.
गाठ मारली तशी
तिनं माझी बोटं धरली, वर ओढली,
नाकाशी नेली.
सहा महिने साबण, स्पिरिट, डेटॉल.
आणि तरी.

ती इकडं तिकडं बघून हळूच पुटपुटली,
"तंबाक ऐतेनऽ, तंगी?"

तळहात कोरा होता.
मला एक एक अक्षर कळलं.
तिचा हात चादरीखाली सारला,
कोपरा नीट खोचला,
आणि म्हटलं,
"साकु, अव्वा. साकु."