ओल्या हळदीच्या रंगाचा

खतांचं टार्गेट पुरं झालं म्हणून
कंपनीनं ह्यांना बँकॉकला नेलं.
चार दिवस, तीन रात्री, बायका वगळून.
आष्ट्याच्या स्टँडपासून पेठेपर्यंत
जो तो माझ्याकडं बघून गालात हसला.
दुकानात पोती उचलणारा बाबासोसुद्धा:
"वैनी, मालक रंगून आले बघा."
मी म्हटलं, रंगून नव्हे रे, बँकॉक.

आल्यावर हे काही बोलेनात.
बॅगेत हत्तीचं किचेन, हॉटेलचा साबण,
आणि तोंडी एकच गोष्ट, चहा.
बर्फ घातलेला, केशरी,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर, आत नळी.
"केशरी म्हणजे कसा?"
"ओली हळद मोडल्यावर आत दिसते ना, तसा."

साडेतीन महिने मी तो रंग डोक्यात ठेवला.

मग एका अमावास्येला, दुकान बंद असताना,
मसाल्याच्या डब्यातून बाद्यानाची दोन फुलं काढली,
एकाच्या तीन पाकळ्या मोडलेल्या.
वेलची सालीसकट. दालचिनीचं बोटभर साल.
श्रेणिक मोबाईलमध्ये बघून म्हणाला,
"आई, काहीजण चिंचोकेपण घालतात."
चिंचोके!
ज्यांची फोडून दोन डाळिंबं करून
आम्ही बहिणी दान टाकायचो, ते.
तव्यावर तडतडेपर्यंत भाजले, खलबत्त्यात कुटले.
चहापूड नेहमीच्या तिप्पट.
उकळी फुटली तशा त्रिशलाकाकू दारात,
"काय पुलाव शिजतोय का गं?"

गाळणीतून चिंचोक्याचा भुगा खाली यायला लागला
तेव्हा चक्क्याचं फडकं बांधलं.
ते दर पाडव्याचं दही आठवून आंबूस वास मारतं,
चार पाण्यांत धुतलं तरी.
मिल्कमेडचा डबा उघडायला काही नव्हतं.
ह्यांनी पोती शिवायचा दाभण आणला,
दोन भोकं पाडली,
डबा वाकडा केला, दुधाची तार सुटली
आणि रंग आला
वीटभट्टीचा.

"तिथं रंग घालतात," श्रेणिक म्हणाला.
हे गप्प.
रसवंतीवरून आणलेला बर्फ मी लाटण्यानं फोडला,
तीन ग्लास भरले.
एका घोटात दातांच्या मुळापर्यंत गोड.
"इतकं गोड कोण पितं हो?"

ग्लासातनं तोंड न काढता म्हणाले,
"उपाशी माणूस."

मग एकेक निघालं.
मी बांधून दिलेल्या चार दिवसांच्या दशम्या
पहिल्याच रात्री बाकीच्या डीलरांनी
बाटलीसोबत चाखणा म्हणून संपवल्या,
शेंगदाण्याच्या चटणीची वाहवा करत.
पुढं जे ताट समोर येई, त्याला माशाचा वास.
हॉटेलच्या कोपऱ्यावर एक गाडा होता.
बाई साठीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.
ह्यांनी हात जोडले, मान हलवली,
कोंबडी करून दाखवली, नको म्हटलं,
मासा करून दाखवला, नको म्हटलं.
ती पोट धरून हसली. चहा दिला.
दुसऱ्या दिवशी ह्यांना लांबून बघितलं
आणि न सांगता डब्यातलं दूध जास्त ओतलं.
पैसे ह्यांच्याच तळहातावरून
नाणी वेचून घ्यायची, मोजून, हिशेबापुरती.
दिवस मावळायच्या आत शेवटची पिशवी.
"अकरा झाल्या," हे म्हणाले,
"अकरा पिशव्या. आणि केळी."

मला बाबासोचं हसणं आठवलं.
साडेतीन महिने मी ह्यांच्या शर्टांचे खिसे
धुवायच्या आधी दोनदा उलटे करत होते, तेही.
मी काही बोलले नाही.
डबा उचलला, ह्यांच्या ग्लासावर वाकडा धरला,
तार तुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाबासोलाही दिला ग्लासभर.
त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.
"एवढ्यासाठी गेलते व्हय मालक?"

व्हय, म्हटलं.