पुढची वाढ

रात्री अडीचला शिंगरू आडवं आलं.
खांद्यापर्यंत हात आत घालून मी पाय चाचपत होतो,
ओडेसा टॉलिव्हर घोडीच्या कानाशी
हलक्या आवाजात भाव सांगत होती: गवताचे, डिझेलचे, अंड्यांचे.
वार पडायला पहाट झाली.

घोडी तिची नव्हती.
दोन वर्षं दाणा तिचा, नालांचे पैसे तिचे,
कागद मात्र प्रुएटचा.
सातव्या दिवशी तो ट्रेलर घेऊन आला, तेव्हा
शिंगरू आईच्या सावलीत अजून अख्खं मावत होतं.

ब्रॅनम काउंटीच्या कोर्टात साक्ष माझी.
"डॉक्टर, आई कुणाच्या नावावर?" एवढंच विचारलं.
रात्रीबद्दल काही नाही.
न्यायाधीशबाई सौम्यपणे म्हणाल्या, नियम जुना आहे:
ज्याची माय, त्याची पिल्लं.

आमच्या माणदेशात शेळी वाट्यानं देतात.
पहिलं करडू पाळणाऱ्याचं, दुसरं धन्याचं.
भांडणं तिथंही, जुळं झालं की हमखास.
एका बोकडापायी माझ्या मावशीनं
सख्ख्या दिराशी अबोला धरला तो सरणापर्यंत.
शेळीला कुणी विचारलं नव्हतं
हे मला सुचलं इथं, व्हर्जिनियात, टाय घालून बसलेलो असताना.

मधल्या सुट्टीत कारकुनानं जुनी वही काढली,
पाहुण्याला गावचं तळं दाखवावं तशा हौसेनं.
सन अठराशे सव्वीस. मयताची मालमत्ता.
पितळी घड्याळ, एक.
करडी घोडी, शिंगरासह.
हॅना, आणि तिची पुढची वाढ.

वाढ.
शब्द मराठीत आणला आणि तिथंच अडकलो.
आमच्याकडे वाढ म्हणजे पानातला भात,
वाढू का अजून, असं आई विचारते ते.

मागे ओडेसा उभी होती.
"ठाऊक आहे," ती म्हणाली, "पान एकशे बारा.
आजी आणायची मला इथं.
त्या ओळीवर बोट ठेवून वाचायला शिकवलं तिनं."
मग घड्याळाकडे बघून, "चला, सुट्टी संपली."

निकाल लागला तसा लागला.
शनिवारी ट्रेलरची फळी खाली पडली.
तिनं अर्धं पोतं दाणा आत ठेवला आणि प्रुएटला सांगितलं,
शिंगरू डावीकडूनच पितं, उजवीकडून लावायला जाऊ नको,
आणि पुलावर हळू.
प्रुएटनं खिसे चाचपले, कागद नव्हता,
तळहातावर लिहून घेतलं त्यानं.