चौथं घर

मानशीवरच्या खोपीत रात्री अकराला
दिवा पिवळा होतो, मग तांबूस,
मग आपण दिवा आहोत हेच विसरतो.
खाली सुकती लागलेली. दार उघडं,
खाजनातलं पाणी नदीकडे पळतंय,
जाळ्याच्या पोटात सुंगटं टिचक्या मारतायत
आणि मला माझीच बोटं दिसत नाहीत.

पावणीत एकोणीस हजार जास्त बोललो होतो,
मी आणि इनास, वर्षभराची मानस.
काळोखात रात्र गेली की काय गेलं
ते थर्माकोलची पेटी सांगते सकाळी:
बर्फाचं पाणी, पाण्यात चार शेवटे.

सुरुवात टोकांपासून केली.
चोडणची हवा तांब्याला शेवाळ आणते,
हिरवी, भुसभुशीत. गरम पाणी ओतलं,
जुन्या ब्रशने घासलं, वर व्हॅसलिन.
मीटर लावला: बारा पूर्णांक सहा.
ठणठणीत, म्हटलं.
दिवा लावला, तर दहा.
झोपून असताना बरा दिसणारा आणि
उठून बसवला की पांढरा पडणारा
आजारी माणूस, तशी.

मग वायर. खोपीपासून दारापर्यंत
चाळीस हात, घंटेला लावतात तसली बारीक.
वाटेतच निम्मी वीज खात असणार.
जाड आणली. अकराचे साडेअकरा झाले.

तेव्हा सापडली ती दुसरी वायर.
खोपीमागून, नारळाच्या मुळाखालून,
बांधावरच्या खुरसापर्यंत गेलेली.
टोकाला करवंदाएवढा तांबडा दिवा,
दिवसाही चालू.
रोझार तिथंच गेला होता, दाराच्या भोवऱ्यात,
इनासचा धाकटा भाऊ. पोहायला मला त्यानेच शिकवलं.

मला न विचारता.
अर्धे पैसे माझे, बॅटरी अर्धी माझी,
आणि हा मेलेल्याला वीज पुरवतो.
पक्कड घेतली आणि तोडली.
आवाजही झाला नाही.

त्या रात्री इनास आला, जाळं सोडलं,
खुरसाकडे एकदा बघितलं.
"फ्यूज गेलो आसतलो," म्हणाला,
आणि विडी पेटवायला तीन काड्या लागल्या त्याला.
साडेअकराला मोठा दिवाही गेला.
दुसऱ्या रात्री साडेअकरा.
तिसऱ्या रात्री साडेअकराला पाच कमी.

सकाळच्या फेरीबोटीत बॅटरी मांडीजवळ,
कपड्यांना आम्लाचं भोक पडू नये म्हणून पोत्यात.
पणजीत म्हाबळूने झाकणं उघडली,
काचेची नळी बुडवून रस ओढला.
पहिलं घर: गोटी वर. दुसरं: वर. तिसरं: वर.
चौथ्यात गोटी तळाशी बसून राहिली,
शाळेतून पळून आलेल्या पोरासारखी.
"एक घर मेलं," तो म्हणाला,
"की उरलेली पाच त्यालाच पोसत बसतात.
गॅरंटी कार्ड?"
भिजलं, म्हटलं.
तो हसला. मी हसलो नाही.

आणि त्या करवंदाएवढ्या दिव्याचं?
त्याने पाठमोऱ्या पावतीवर हिशेब मांडला:
दिवसाला दोन अँपियर-तास.
"एवढ्यानं पंचाहत्तरची बॅटरी मरत नाही, बाबा."
पावती मी खिशात घातली.
काय करायची होती, ठाऊक नाही.

परतीच्या बोटीत नवी बॅटरी,
आणि दोन हात लाल वायर,
जी तिच्याबरोबर विकत घ्यायची गरज नव्हती.

इनास यायच्या आधी जोडली. टेप नीट गुंडाळली,
खरं तर जास्तच गुंडाळली,
तोडलेली जागा जाड दिसत राहिली.
तो आला. बांधावर तांबडा ठिपका बघून
थांबला. चप्पल काढली, परत घातली.
"फ्यूज घातलो?"
"हय."

दोन वाजले, दिवा पांढराच.
सुंगटं एवढी, की हात दुखले.
पाणी दारातून जाताना नेहमीसारखं बोलत होतं,
आम्ही दोघं नाही.
पेटीत बर्फ कमी पडला.
उद्या दोन लाद्या सांगायला हव्यात.