तलवारीचा खिळा

नातीने झुरिकहून धाडलेलं चित्र आलं,
कॅनव्हासवर छापलेलं, लाकडी चौकटीवर ताणलेलं.
सोबत हमीपत्र : रंग पंचाहत्तर वर्षं विटणार नाहीत.
म्हणजे मी गेल्यावरही ही बाई
कुणाच्या तरी भिंतीवर तुतारी फुंकत राहणार.

मूळचं म्हणे लंडनचं. पातळ कागद, बादलीभर खळ,
रात्री चिकटवायचं,
उजाडायच्या आत कुणी नखांनी ओरबाडायचं.
आता त्याला ओलं फडकं चालतं,
वितळत्या चीजचा वास चालतो.

जांभळा, पांढरा, हिरवा.
आमच्या आप्पेनझेलच्या कुरणात हे तिन्ही
मे महिन्यात फुकट उगवतात. गाई खातात.

बाकाच्या वर एक खिळा रिकामा होता.
तिथं एमिलची तलवार असायची,
त्याच्या बापाची, बापाच्या बापाची.
एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ती उतरायची,
मी मूठ पुसून द्यायचे, तो चौकात जायचा.
कमरेला तलवार, हीच मतदाराची ओळख.
मी खिडकीत रुमाल भरत बसायचे,
डोळे फुटतील इतकं बारीक.
तिथून नुसती डोकी दिसत.

नव्वद साली चौकाला विचारलं :
बायकांनी यावं का?
तिथं हात मोजत नाहीत,
नजरेनं अंदाज घेतात.
चौक नाही म्हणाला.
एमिल घरी आला, सूप प्यायला,
म्हणाला, मी केला होता वर.
होकाराच्या वेळी की नकाराच्या,
तो बोलला नाही.
मी भांडी उचलली.

मग कोर्टानं दार उघडलं
आणि पुढच्या एप्रिलात मीही गेले,
चव्वेचाळीस वर्षांची, मुठीत कार्ड.
कसलासा रस्त्याचा ठराव होता.
हात वर केला
आणि काखेत शिवण उसवली.
तसाच धरला वर.
शेजारी एमिल. त्याच्याकडे बघितलंच नाही.

तलवार आता मुलाकडे असते.
चित्र त्याच खिळ्यावर टांगलं
तर खालून वीतभर फिकट डाग उरलाच,
पात्याच्या टोकाचा. बाई त्यावर उभी आहे.

छापणाऱ्यानं कॅनव्हास कडेवरून मागे वळवलाय,
त्यात तिचा उंचावलेला हात
मनगटापासून दुमडला गेलाय.
बाकासमोर बसणाऱ्या पाहुण्याला तो दिसत नाही.
सिंकपाशी उभं राहिलं की दिसतो,
पाचही बोटांसकट.